मज्जातंतूंचा चित्रकार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ठेवींवरचं व्याज, नॉमिनेशन, लॉकर असलं काहीतरी असणार. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कसली करायची! पण ते सगळं मी दर वार्षिक सभेनंतर चहा घेताना बोलतच असतो. रौप्यमहोत्सवी अंकात तेच पुन्हा छापून तुमचा कागद वाया घालवत नाही. मी लिहितोय एका स्पॅनिश डॉक्टरांबद्दल. त्यांना जाऊन ९० वर्षं होऊन गेली. नाव सांतियागो रामोन इ काहाल. ते आमच्या घरात कसे आले, ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौ.च्या उजव्या मनगटात खिडकीची काच घुसली. बी विंगमधल्या बऱ्याच जणांना तो दिवस आठवत असेल. शेजारच्यांनी गाडी काढली, कोणी टॉवेल आणला, आणि हॉस्पिटलचा फॉर्म तर तळमजल्यावरच्या मुलाने भरला, कारण माझाच हात थरथरत होता. रक्त थांबलं, पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर ते बधिरच. डॉक्टर म्हणाले, नस कापली गेलीय. आता आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच, त्यामुळे मी विचारलं की रक्त तर थांबलंय, मग राहिलं काय? त्यांनी न रागावता समजावलं. मनगटातून तळहातात उतरणारा मोठा मज्जातंतू तुटला होता. त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवला आणि सांगितलं, आता वाट बघायची. दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

घरी आल्यावर मी नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि मनगटाच्या टाक्यांपासून तर्जनीच्या टोकापर्यंत अंतर मोजलं. १७ सेंटीमीटर. म्हणजे १७० दिवस, वर सुरुवातीचे काही आठवडे. रिकरिंग डिपॉझिट मांडावं तसा हिशोब मी वहीत मांडला. सौ.ला हिशोबात रस नव्हता. गेटपाशी गणपतीतली रांगोळी गेली वीसेक वर्षं तीच काढते, आणि रांगोळीची चिमूट याच दोन बोटांत धरायची असते. तिने एकदा डबा उघडून चिमूट धरून बघितली आणि डबा परत माळ्यावर ठेवून द्यायला सांगितलं. बोटांत रांगोळी आहे की नाही हेच तिला कळत नव्हतं.

माझा प्रश्न वेगळा होता. दिवसाला एक मिलिमीटर वाढतं म्हणजे नेमकं काय वाढतं? कुठून वाढतं? आणि बोट कुठल्या दिशेला आहे हे त्याला कसं समजतं? मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्राचा; कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेला माणूस. पुतणीची मुलगी मेडिकलला आहे, तिला विचारलं. तिने काहाल यांच्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर आणून दिलं आणि म्हणाली, आजोबा, हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच माणसाने विचारलेत.

आधी नावाचा उलगडा. मधला इ हे आद्याक्षर नव्हे. स्पॅनिशमध्ये इ म्हणजे आणि. रामोन हे वडिलांकडचं आडनाव, काहाल आईकडचं. आपल्याकडे हल्ली मुली माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही लावतात, त्यातलाच प्रकार, फक्त तिकडे ही रीत जुनी. जन्म १ मे १८५२, म्हणजे आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करतो त्या तारखेचा. गाव पेतिया दे आरागोन, उत्तर स्पेनच्या डोंगरातलं एक खेडं. वडील हुस्तो रामोन गरीब शेतकरी घरातले. त्या काळी तिकडे न्हावीकाम आणि शस्त्रक्रिया एकच माणूस करायचा. तशा एकाकडे उमेदवारी करून, पुढे पायपीट करत बार्सिलोनाला जाऊन ते डॉक्टर झाले होते. अशा माणसाला मुलगाही डॉक्टरच व्हायला हवा होता. आणि मुलाला व्हायचं होतं चित्रकार.

(या वयातल्या सांतियागोला अहो-जाहो करणं मला जमणार नाही. पुढे ते मोठे होतील तेव्हा बघू.)

हा मुलगा भिंती, दारं, वह्यांचे समास, मिळेल तिथे चित्रं काढायचा. वडील कागद आणि पेन्सिली जप्त करायचे. एकदा गावच्या चर्चच्या भिंती रंगवायला बाहेरगावचा कारागीर आला होता. वडिलांनी त्यालाच तज्ज्ञ मानलं आणि मुलाचं एक चित्र दाखवलं. त्याने चित्र भिकार ठरवलं, मुलाच्या अंगात कला नाही असा निकाल दिला, आणि घरात त्यावर अपील नव्हतं. भिंतीला चुना लावणाऱ्या माणसाने एका मुलाची कारकीर्द ठरवावी हे वाचून हसू येतं. पण आपल्यातल्या किती जणांची कॉलेजची शाखा शेजारच्या काकांनी ठरवली, ते आठवून बघा.

मुलगा चित्र सोडून दुसऱ्या उद्योगांना लागला. अकराव्या वर्षी त्याने लाकडाच्या ओंडक्यापासून तोफ बनवली, दारूगोळाही घरीच तयार केला आणि शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या फाटकाला भगदाड पाडलं. गावच्या कोठडीत काही दिवस काढावे लागले, आणि सोडवायची घाई वडिलांनी केली नाही. शाळेत धड नाही म्हणून त्यांनी त्याला आधी न्हाव्याकडे ठेवलं, मग चांभाराकडे. जोडे मात्र तो चांगले शिवू लागला. हात मुळातच कसबी होता.

वडिलांची आणखी एक तऱ्हा सांगायलाच हवी. त्यांनी मुलाला फ्रेंच शिकवलं ते एका गुहेत, कोणी मध्ये येऊ नये म्हणून. हे फ्रेंच पुढे फार कामाला आलं. आणि १८६८ च्या उन्हाळ्यात मुलगा सोळा वर्षांचा असताना ते त्याला घेऊन रात्री स्मशानात गेले. उघड्यावर पडलेली हाडं गोळा करून त्यांवरून ते त्याला अस्थिशास्त्र शिकवू लागले. मुलाने हाडांची चित्रं काढायला सुरुवात केली आणि वडिलांनी पहिल्यांदाच चित्र काढू दिलं. कवटीचं चित्र म्हणजे चित्र नव्हे, अभ्यास! पुढे दोघं झारागोझाच्या वैद्यकीय शाळेत एकत्र शवविच्छेदन करत, आणि मुलाने काढलेल्या जलरंगांतल्या चित्रांचा ग्रंथ छापावा अशी धडपड याच वडिलांनी केली. तितकी चांगली छपाई तिथे होत नव्हती म्हणून ते राहून गेलं.

१८७३ मध्ये सांतियागो डॉक्टर झाला. इथून पुढे अहो-जाहो. काहाल लष्करात भरती झाले, त्यांना क्युबाला पाठवलं, तिथे मलेरिया आणि हगवणीने ते इतके खंगले की १८७५ मध्ये परत यावं लागलं. क्युबातल्या पगारातून मागे टाकलेल्या पैशांवर त्यांनी पॅरिसच्या बनावटीचा एक सूक्ष्मदर्शक घेतला, तोही हप्त्याने. मी आयुष्यभर लोकांना हप्ते मंजूर केले. फ्रिज, स्कूटर, ट्रॅक्टर. सूक्ष्मदर्शकासाठी कर्ज मागायला माझ्या टेबलापुढे कधी कोणी बसलं नाही. मग क्षय झाला, रक्त पडू लागलं, त्यातूनही ते उठले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न झालं. १८८३ मध्ये वालेन्सियाला प्राध्यापक, आणि १८८५ च्या पटकीच्या साथीत केलेल्या कामाबद्दल झारागोझाच्या प्रांतिक सरकारने त्यांना त्साइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक बक्षीस दिला. पैशाऐवजी यंत्र! ते बक्षीस त्यांना किती पुरलं ते पुढे येईलच.

आता थोडं थांबून त्या वेळी मज्जासंस्थेबद्दल काय माहीत होतं ते बघू. शरीर पेशींचं बनलेलं आहे हे सगळ्यांना मान्य झालं होतं. यकृत, त्वचा, स्नायू, सगळीकडे पेशी सुट्या दिसत. अडत होतं ते मेंदूपाशी. मेंदूची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की दिसायचा तो तंतूंचा गुंताडा, दाट जंगलासारखा. कुठली फांदी कुठल्या झाडाची ते कळायची सोय नाही. त्यामुळे बहुतेक विद्वान म्हणत की इथे पेशी सुट्या नाहीतच, सगळे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळं झालेलं आहे.

१८७३ मध्ये इटलीत मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो गावातल्या एका रुग्णालयात कामिल्लो गॉल्जी नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या स्वयंपाकघरातच प्रयोगशाळा थाटून एक जादू शोधली. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकायचा. चांदीचा क्षार काही मोजक्याच पेशींत शिरतो आणि त्या पेशी पिवळ्या पार्श्वभूमीवर मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्याकुळकुळीत उठून दिसतात. शंभरातल्या दोन-चारच पेशी रंगतात. त्या दोन-चारच का आणि बाकीच्या का नाहीत, याचं नीट उत्तर मला कुठे सापडलं नाही. पण हीच तर मेहेरबानी. सगळ्या रंगल्या असत्या तर चकती नुसती काळी झाली असती.

ही पद्धत चौदा वर्षं जवळजवळ पडून राहिली. लहरी होती, दहादा फसायची. १८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमार्रो या डॉक्टरांकडे काहाल यांनी अशी एक चकती बघितली आणि त्यांचं आयुष्यच फिरलं. ते तेव्हा ३५ वर्षांचे होते. त्याच सुमारास बार्सिलोनाला बदली झाली. तिथे घरातल्या प्रयोगशाळेत त्यांनी ही पद्धत दुहेरी करून बघितली, म्हणजे चांदीची प्रक्रिया पुन्हा एकदा. आणि त्याहून महत्त्वाची युक्ती केली. प्रौढ मेंदूचं जंगल दाट, तर रोपवाटिकेत जाऊ, असा सरळ विचार. कोंबडीच्या अंड्यातला गर्भ, नुकती जन्मलेली पिल्लं. मोठेपणी तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढतं आणि तिथे चांदी शिरत नाही; गर्भात ते अजून चढलेलं नसतं. त्यामुळे अख्खी पेशी दिसते.

आणि काय दिसलं? पक्ष्याच्या लहान मेंदूत पुर्किन्ये पेशी असतात, पिंपळाच्या पानाची जाळी उरावी तशा पसरट फांद्यांच्या. दुसऱ्या पेशींचे तंतू येऊन पुर्किन्ये पेशीच्या पोटाभोवती टोपलीसारखे विणले जातात. अगदी खेटून. पण आत शिरत नाहीत, मिसळत नाहीत. तिथेच संपतात. प्रत्येक तंतूला शेवट होता. म्हणजे जाळं अखंड नव्हतं. मेंदूतही पेशी सुट्याच होत्या.

आपल्या भाषेत सांगायचं तर गॉल्जी यांच्या मते मेंदू म्हणजे जुना वाडा, सगळ्या खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या. काहाल यांनी दाखवलं की ही सोसायटी आहे. भिंतीला भिंत लागलेली, पण प्रत्येकाचं दार वेगळं. निरोप एका दारातून दुसऱ्या दारात पोचवावा लागतो. (भिंतीतून पाणी झिरपलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मेंदूत येत नसावा.)

मे १८८८ मध्ये काहाल यांनी हे छापलं ते स्वतःच काढलेल्या त्रैमासिकात, स्वतःच्या खर्चाने. प्रती साठ. त्या त्यांनी युरोपभरच्या विद्वानांना टपालाने पाठवल्या. स्पॅनिश वाचतंय कोण? उत्तरं जवळजवळ आलीच नाहीत. न्यायाने बोलायचं तर विल्हेल्म हिस आणि ऑगस्ट फोरेल या दोघांनी थोडं आधीच, अखंड जाळ्याबद्दल शंका घेतली होती. पण शंका घेणं वेगळं आणि डोळ्यांना दाखवणं वेगळं.

१८८९ च्या ऑक्टोबरमध्ये मग ते पदरच्या पैशाने बर्लिनला गेले. जर्मन शरीरशास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं. स्वतःचा सूक्ष्मदर्शक आणि चकत्यांच्या पेट्या उचलून नेल्या, एका टेबलावर मांडल्या आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावू लागले. प्रदर्शनात पापडाचा स्टॉल लावून उभं राहावं तसं. आल्बर्ट फॉन क्योलिकर, वय ७२, त्या विषयातले सगळ्यांत दबदब्याचे गृहस्थ, येऊन भिंगाला डोळा लावून बसले. ते स्वतः जाळ्याच्या मताचे होते. त्यांनी एकेक चकती बघितली आणि मत बदललं. एवढंच नाही, तर काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून ते त्या वयात स्पॅनिश शिकले. पुस्तकातलं हे पान मी दोनदा वाचलं. बहात्तराव्या वर्षी नवी भाषा शिकायची, ती आपण चुकत होतो याचा पुरावा वाचायला! मी मोबाइलचं ॲप बदललं तरी दोन दिवस कुरकुरतो.

दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, वाल्डेयर या जर्मन प्राध्यापकांनी या सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन त्या सुट्या पेशीला न्यूरॉन असं नाव दिलं. काम एकाचं, शिक्का दुसऱ्याचा. बँकेत असं रोज बघितलंय. न्यूरॉनची रचना थोडक्यात सांगतो. मध्ये पेशीचं शरीर, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढं. त्यातून निघालेल्या पुष्कळ आखूड फांद्या. आणि एक लांब तंतू, तो कधी कधी एक मीटरसुद्धा, कंबरेपासून पायाच्या पंजापर्यंत. माणसाच्या मेंदूत असे न्यूरॉन सुमारे ८,६०० कोटी. काहाल यांनी डोळ्याच्या पडद्यातली आणि वासाच्या केंद्रातली पेशींची मांडणी बघून आणखी एक गोष्ट ताडली. निरोप फांद्यांकडून आत येतो आणि लांब तंतूने बाहेर जातो. उलटा नाही. आमच्या भाषेत आवक आणि जावक, आणि दोन्हींची रजिस्टरं वेगळी. निर्जीव, रंगवलेल्या चकतीकडे बघून त्यात काय कुठून कुठे वाहत होतं हे ओळखणं, याला मी तरी चित्रकाराचीच नजर म्हणतो.

चित्रं तर त्यांनी हजारो काढली. भिंगातून तासन्‌तास बघायचं आणि मग बऱ्याचदा आठवणीतून कागदावर उतरवायचं, पुन्हा ताडून बघायचं. मी ती चित्रं पुतणीच्या मुलीच्या लॅपटॉपवर बघितली. शाईच्या रेषा इतक्या ठाम, की त्या चुना लावणाऱ्या कारागिराला आणून दाखवाव्यात असं वाटलं.

१८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने व्याख्यानाला बोलावलं. तिथे ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी उतरले, आणि पाहुण्यांच्या खोलीचीही त्यांनी प्रयोगशाळा करून टाकली. पुढे १८९७ मध्ये याच शेरिंग्टन यांनी दोन न्यूरॉनमधल्या जोडाला सिनॅप्स हे नाव दिलं. मधली फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती डोळ्यांना दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. काही ठिकाणी पेशी एकमेकींना थेट जोडलेल्याही असतात असं नंतर आढळलं, पण मूळ आराखडा काहाल यांचाच टिकला.

१९०६ चं वैद्यकाचं नोबेल काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळालं. दोघांची पहिली भेट स्टॉकहोममध्ये झाली. पद्धत एकाची, त्या पद्धतीने निघालेला निष्कर्ष दुसऱ्याचा, आणि पहिल्याला तो निष्कर्ष मान्य नाही! ११ डिसेंबरला गॉल्जी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात न्यूरॉनचा सिद्धांतच खोडून काढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी काहाल उभे राहिले. मनातून ते फार दुखावले होते, पण भाषणात त्यांनी गॉल्जी यांचा मान ठेवला आणि आपले पुरावे मांडले. दोन विरोधी पक्षकारांना एकाच निकालात अर्धा-अर्धा हुकूमनामा मिळाल्यासारखं ते झालं.

पैशाच्या बाबतीत हा माणूस कसा होता तेही सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाल्यावर सरकारने त्यांच्यासाठी माद्रिदमध्ये प्रयोगशाळा काढली आणि संचालक म्हणून वर्षाला १०,००० पेसेतांचा पगार ठरवला. हा जास्त होतो, ६,००० करा, अशी विनंती काहाल यांनी केली. मी छत्तीस वर्षांत तऱ्हेतऱ्हेचे अर्ज बघितले, हा नमुना बघितला नाही. मंत्रिपद देऊ केलं तेही त्यांनी घेतलं नाही.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. बोटाच्या टोकाचा स्पर्श मेंदूकडे नेणारा जो न्यूरॉन आहे, त्याचं शरीर बोटात नाही, मनगटात नाही. ते आहे मानेत, मणक्याच्या शेजारी. तिथून एकाच पेशीचा तंतू निघतो तो खांदा, कोपर, मनगट करत बोटापर्यंत. सौ.चं मनगट कापलं तेव्हा त्या पेशी मानेत जिवंतच होत्या. मनगटापासून बोटाकडचा तंतूचा भाग मात्र पेशीपासून तुटल्यामुळे मेला, आणि मागे राहिल्या त्याच्या रिकाम्या नळ्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला काही शास्त्रज्ञ म्हणत होते की तुटलेला तुकडा आपल्याआपणच नवे तंतू तयार करतो. काहाल यांनी प्राण्यांमध्ये मज्जातंतू कापून, दिवसागणिक चकत्या रंगवून दाखवलं की नवा तंतू फुटतो तो पेशीकडच्या टोकातूनच. आणि त्या वाढत्या टोकाला असतो एक फुगीर, चाचपडत पुढे सरकणारा शंकू. हा शंकू त्यांनी १८९० मध्येच कोंबडीच्या गर्भात बघून ठेवला होता. आजूबाजूची रसायनं त्याला वाट दाखवत असावीत, हा तर्कही त्यांचाच आणि तो पुढे बरोबर ठरला. हे सगळं १९१३-१४ च्या त्यांच्या दोन खंडांच्या ग्रंथात आहे.

त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे. हातापायातला तंतू वाढतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत कापला तर थोडा फुटतो आणि अडतो, सुकतो. काहाल यांनी ते आडपडदा न ठेवता लिहिलं. मात्र त्यांचे शिष्य तेल्यो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा लावून बघितला, तर मेंदूतले तंतूही त्या तुकड्यात शिरले. म्हणजे दोष पेशीत नसून तिच्या भोवतालात असावा. मणक्याला मार लागलेल्या माणसांसाठी जगभर जे संशोधन चाललंय, त्याचा एक धागा तिथे जातो.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मज्जासंस्थेत न्यूरॉनखेरीज इतरही पेशी असतात. पियो देल रियो-ओर्तेगा या त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या तरुणाने १९१९ मध्ये त्यातला एक नवा प्रकार शोधला, मायक्रोग्लिया. मेंदूतल्या सफाई कामगार आणि पहारेकरी म्हणा. काहाल यांनी त्याचं श्रेय दुसऱ्याच एका संशोधकाकडे वळवलं, दोघांत बेबनाव झाला आणि १९२० मध्ये त्यांनी रियो-ओर्तेगा यांना प्रयोगशाळेतून बाहेर काढलं. तरुणच शेवटी बरोबर निघाला. ज्यांच्या साठ प्रतींना कोणी उत्तर दिलं नव्हतं, त्यांनी असं वागावं? आत्मचरित्रातला तोफवाला मुलगा मला आवडला तितके हे संचालक आवडले नाहीत. पण मीही शाखाधिकारी असताना एका हुशार क्लार्कची सूचना केवळ त्याचा सूर आवडला नाही म्हणून बाजूला ठेवली होती. पुढे तीच सूचना मुख्य कार्यालयाकडून परिपत्रक होऊन आली.

१९३० मध्ये सिल्वेरियाबाई गेल्या. काहाल शेवटपर्यंत लिहीत राहिले आणि १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला वारले, वय ८२. दोन वर्षांत यादवी युद्ध पेटलं आणि शिष्यमंडळींची पांगापांग झाली. मधल्या काळात, १९३५ मध्ये, स्पेनच्या बँकेने ५० पेसेतांच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. नोटा मोजण्यात आयुष्य गेलेल्या मला ही नोट एकदा हातात घेऊन बघायची आहे.

सौ.च्या वहीतली शेवटची नोंद सांगून थांबतो. डॉक्टर तळहातावर बोटाने टकटक करत पुढे पुढे जायचे आणि जिथे झिणझिणी उठेल तिथे मी खूण करायचो. माझं १७० दिवसांचं गणित चुकलं. तर्जनीच्या टोकाशी झिणझिणी पोचायला नऊ महिने लागले. शिवाय काही तंतू चुकीच्या नळीत शिरले असावेत, कारण मधल्या बोटाला हात लावला की तिला तो तर्जनीत कळतो. तवा गरम आहे की नाही हे ती अजून डाव्या हातानेच बघते. पर्समधलं नाणं न बघता ओळखता येत नाही. हातमोजा घालून काम केल्यासारखं वाटतं म्हणते.

गेल्या महिन्यात तिने स्वतःच मला स्टुलावर चढवून रांगोळीचा डबा खाली काढायला लावला. रोज दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर ठिपके घालते आणि पुसते. सुरुवातीला रेघ मध्येच जाड व्हायची, मध्येच तुटायची. समारंभाच्या दिवशी गेटपाशी तिचीच रांगोळी असेल, अकरा ठिपक्यांची, पूर्वीपेक्षा लहान. ए विंगच्या लिफ्टकडे जाणाऱ्यांनी त्या दिवशी जरा उजव्या बाजूने जावं.